चाळिशीतला विद्यार्थी

विद्याभ्यासाचे वय आपल्या समाजात फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. वीस-बावीस वर्षांपर्यंत शिकावे, नंतर मिळवावे, आणि चाळिशी ओलांडल्यावर आपल्या मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहावी, असा हा क्रम. मराठीत तर ‘चाळिशी’ ह्या एकाच शब्दाने त्या वयाचाही बोध होतो आणि त्या वयात नाकावर चढणाऱ्या चष्म्याचाही. अशी चाळिशी लावलेला, वीस वर्षे यंत्रांच्या सहवासात घालवलेला एखादा इंजिनिअर वह्या-पुस्तके घेऊन पुन्हा वर्गात जाऊन बसला, तर शेजाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते, नातेवाइकांना काळजी वाटते, आणि खुद्द त्याच्या मुलांना थोडीशी गंमत वाटते.

तरीही असे विद्यार्थी आता विरळा राहिलेले नाहीत. वडोद्याच्या रसायनांच्या कारखान्यांत, इंदूरजवळच्या पीथमपुरात, बेळगावच्या फौंड्रीत, गोव्यातील औषधांच्या कारखान्यांत, हैदराबादच्या संगणक-कंपन्यांत मुरलेली माणसे वयाच्या चाळिसाव्या, पंचेचाळिसाव्या वर्षी व्यवसाय-व्यवस्थापनाच्या, म्हणजेच एम.बी.ए.च्या, अभ्यासक्रमाला नाव घालतात. ह्या खटाटोपाला शहाणपण म्हणावे की हौस? साठवलेला पैसा आणि उरलेली उमेद ह्या कामी लावणे कोणाच्या हिताचे, आणि कोणाच्या हिताचे नाही? ह्या प्रश्नांचा विचार शांतपणे आणि आकड्यांनिशी होणे जरूर आहे.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, आपल्या कामात वाकबगार असलेल्या मनुष्याला ह्या विद्येची गरज मुळात का भासावी. ह्या संबंधात आंरी फायोल ह्या फ्रेंच खाण-इंजिनिअरचे उदाहरण बोधप्रद आहे. फायोल ह्यांचा जन्म १८४१ सालचा. सेंत एतिएन येथील खाणशाळेत शिकून १८६० साली, एकोणिसाव्या वर्षी, ते कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीवर रुजू झाले. दुसऱ्याच वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे नमूद करून ठेवला आहे. खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. फायोल ह्यांनी दुसऱ्या घोड्यासाठी चिठ्ठी लिहिली. परंतु तिच्यावर व्यवस्थापकांची सही नाही म्हणून तबेल्यावरच्या माणसाने घोडा देण्याचे नाकारले. व्यवस्थापक परगावी होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत सही कोणी करावी हे कोणीच ठरवून ठेवलेले नव्हते. तबेल्यात घोडा होता, खाणीत कोळसा होता, खणणारे हातही होते. तरी काम बंद पडले. दोष यंत्राचा नव्हता, तंत्राचाही नव्हता. तो व्यवस्थेचा होता.

हाच इंजिनिअर १८८८ साली त्या कंपनीचा प्रमुख झाला, तेव्हा कंपनी डबघाईला आलेली होती. तिला सावरून १९१८ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, त्यांनी तिचा कारभार पाहिला. १९१६ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, आपला सारा अनुभव त्यांनी एका प्रबंधात मांडला. आपल्या यशाचे श्रेय ते अंगच्या गुणांना देत नसत; ते कारभाराच्या पद्धतीला देत, आणि ही पद्धत शिकवता येते असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समधील इंजिनिअरिंगच्या शाळांत गणित भरमसाट शिकवतात, पण कारभार मुळीच शिकवीत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. त्याच प्रबंधात त्यांनी मोठ्या कारखान्यातील माणसांच्या अंगी कोणते गुण किती प्रमाणात असावेत, ह्याचा स्वतःच्या अंदाजाने एक तक्ता दिला आहे. कामगाराच्या गुणांत शंभरांपैकी ८५ भाग तांत्रिक कौशल्याचे आणि अवघे ५ भाग व्यवस्थापनाचे. परंतु कारखान्याच्या संचालकाच्या बाबतीत तांत्रिक भाग १५वर येतो आणि व्यवस्थापनाचा ४०वर जातो.

हे आकडे मोजमापाने काढलेले नाहीत. ते एका अनुभवी मनुष्याचे मत आहे. परंतु त्यांत तंत्रज्ञाच्या आयुष्यातील अडचण नेमकी सापडते. जिन्याची एक-एक पायरी तो ज्या गुणाच्या बळावर चढतो, त्या गुणाची किंमत प्रत्येक पायरीवर कमी होत जाते. आणि जो गुण वर लागतो तो त्याला खाली कोणी शिकवलेला नसतो. पंधरा वर्षे उत्तम काम केल्याचे बक्षीस म्हणून त्याला जे काम मिळते, ते त्याने कधीच केलेले नसते. बैठकीत भांडवल, परतावा, घसारा, रोखता अशी भाषा चालते, आणि वीस वर्षे ज्याच्या शब्दावर यंत्रे चालली तो मनुष्य तेथे मुका होऊन बसतो.

प्रौढांसाठी ह्या विद्येच्या शाळा निघाल्या त्या ह्याच अडचणीतून. अमेरिकेत हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ साली निघाली. परंतु ती प्रामुख्याने तरुणांसाठी होती. नोकरीत मुरलेल्या माणसांना वर्षभर बाजूला काढून शिकविण्याचा प्रयोग मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्या-संस्थेने १९३१ साली केला. नोकरी न सोडता पदवी घेता यावी असा अनुभवी अधिकाऱ्यांसाठीचा पहिला एम.बी.ए. अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, सुरू केला. इंग्लंडात टेम्स नदीकाठी हेन्ली येथे प्रशासकांचे महाविद्यालय १९४५ साली स्थापन झाले. आणि त्याच धर्तीवर १९५६ साली हैदराबादेत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज निघाले. बेला व्हिस्टा ह्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या ह्या महाविद्यालयाची मूळ कल्पनाच अशी की, सरकारी, खाजगी आणि सार्वजनिक क्षेत्रांतील जाणत्या अधिकाऱ्यांनी लहान-लहान गटांत एकत्र बसून प्रश्नांचा खल करावा आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकावे.

भारतात १९४९ साली जमशेदपूरला जेझुइट पाद्र्यांनी झेवियर संस्था काढली आणि १९५३ साली कलकत्त्यास समाजकल्याण व व्यवसाय-व्यवस्थापनाची संस्था निघाली. कलकत्ता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ सालच्या. इंदूरची १९९६ सालची. गोव्यात १९९३ साली फादर रोम्युअल्ड डिसोझा ह्यांनी रायबंदर येथे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटची स्थापना केली. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा स्वतंत्र निवासी अभ्यासक्रम अहमदाबादने २००६ साली सुरू केला. ज्यांना घर आणि नोकरी सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ सालीच व्यवस्थापनाची पदविका टपालाने शिकविण्यास आरंभ केला होता. तात्पर्य, आज दारे पुष्कळ आहेत. प्रश्न आहे तो आत जाण्याच्या प्रयोजनाचा.

आत गेल्यावर शिकवतात तरी काय? पहिला विषय बहुधा हिशेबाचा असतो, आणि इंजिनिअर मंडळी त्याला बिचकतात. वस्तुतः भिण्याचे कारण नाही. दुहेरी नोंदीची पद्धत छापील ग्रंथात प्रथम सविस्तर समजावून सांगितली ती लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने, १४९४ साली व्हेनिस येथे. आणि तो गणिताचा अध्यापक होता. ह्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी मांडावा लागतो. एके ठिकाणी जमा, तर दुसरे ठिकाणी नावे. रासायनिक इंजिनिअर भट्टीत किती कच्चा माल गेला, किती पक्का माल निघाला आणि किती वाया गेला ह्यांचा मेळ घालतो, तोच हा प्रकार. जे आत गेले त्याचा पत्ता लागलाच पाहिजे. मालाच्या जागी पैसा मांडला की ताळेबंद तयार झाला. आपल्याकडील रोजकीर्द आणि खतावणी ज्याने वडिलांच्या दुकानात पाहिलेली आहे, त्याला तर ही विद्या परकी वाटण्याचे कारणच नाही.

अवघड असते ती पुढची पायरी. म्हणजे, आजचा रुपया आणि उद्याचा रुपया सारखा नसतो ही गोष्ट मनात मुरवणे. समजा, कारखान्यातील जुना बॉयलर काढून नवा बसवावयाचा आहे. किंमत ४० लाख रुपये. त्यामुळे दरवर्षी १० लाखांचे इंधन वाचेल, आणि तो आठ वर्षे टिकेल. इंजिनिअर म्हणतो, चार वर्षांत पैसे फिटतील, पुढे चार वर्षे निव्वळ फायदा. ह्यात विचार करण्यासारखे आहेच काय? परंतु पैसा फुकट मिळत नाही. कंपनीला तो शेकडा १२ दराने पडत असेल, तर पुढील आठ वर्षांच्या बचतीची आजची किंमत सुमारे ४९ लाख ६८ हजार भरते, आणि बॉयलर घेणे योग्य ठरते. तोच पैसा शेकडा २० दराने पडत असेल, तर तीच किंमत सुमारे ३८ लाख ३७ हजारांवर येते, आणि व्यवहार तोट्याचा होतो. बॉयलर तोच, इंधन तेच, इंजिनिअरही तोच. फक्त एक आकडा बदलला आणि ‘हो’चे ‘नाही’ झाले. आपली उत्तम योजना वरच्या मंडळींनी का फेटाळली, ह्याचे कोडे कित्येक तंत्रज्ञांना वर्षानुवर्षे उलगडत नाही. त्याचे उत्तर पुष्कळदा ह्या एका आकड्यात असते.

तिसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची. फौंड्रीला मोठी मागणी आली. लोखंड, कोक आणि मजुरी ह्यांचे पैसे आज द्यावे लागतात. गिऱ्हाईक मात्र माल पोचल्यावर नव्वद दिवसांनी पैसे देते. कागदावर नफा दिसतो, आणि पगाराच्या दिवशी तिजोरीत पैसा नसतो. काम नाही म्हणून बुडालेले कारखाने लोकांना ठाऊक असतात. काम फार वाढले म्हणून अडचणीत आलेलेही असतात, हे ऐकून तंत्रज्ञाला नवल वाटते.

आणि चौथी गोष्ट विक्रीची. बेळगावकरांना ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले, सायकलच्या दुकानात लक्ष घातले आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा लक्ष्मणरावांनी चाळिशी गाठलेली होती. त्यांनी व्यवस्थापनाची पदवी घेतलेली नव्हती. बाजार हीच त्यांची शाळा. वस्तू उत्तम असणे आणि ती लोकांना हवीशी वाटणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना त्या शाळेने दिला. तो धडा वर्गात शिकता आला, तर दोन वर्षांची वाट पाहण्याचे वाचते, एवढाच फरक.

ह्यावर कोणी म्हणेल, हे सर्व हिशेबनिसाने पाहावे. इंजिनिअरने आपले यंत्र सांभाळावे. हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. परंतु पुढील उदाहरण पाहावे. एखाद्या कंपनीचा एक जुना विभाग आहे. त्यात साठ माणसे काम करतात. वर्षाची विक्री ५ कोटी. माल, मजुरी, वीज असा त्या विभागाचा स्वतःचा खर्च साडेचार कोटी. कंपनीच्या मुख्य कचेरीचा जो खर्च सर्व विभागांवर वाटला जातो, त्यातील ८० लाख ह्या विभागाच्या वाट्याला येतात. तेव्हा कागदावर ३० लाखांचा तोटा दिसतो, आणि विभाग बंद करावा असा प्रस्ताव येतो. आता, विभाग बंद केला म्हणून मुख्य कचेरीचे भाडे, तेथील अधिकाऱ्यांचे पगार, विम्याचे हप्ते थांबणार आहेत काय? ते ८० लाख तसेच राहतील आणि इतर विभागांच्या डोक्यावर बसतील. उलट ह्या विभागातून जे ५० लाख दरवर्षी त्या खर्चासाठी हाती येत होते, तेवढे मात्र जातील. म्हणजे ३० लाखांचा तोटा वाचवण्याच्या नादात कंपनी ५० लाख गमावील, आणि साठ घरांतील चुली विझतील.

हे सर्व ज्याच्या ध्यानात यावे असा मनुष्य त्या विभागाचा प्रमुख. त्या साठ जणांना तो नावानिशी ओळखतो. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि कोणाचे कर्ज फिटावयाचे आहे हेही त्याला ठाऊक असते. परंतु बैठकीत त्याला एवढेच म्हणता येते की, ‘ही माणसे चांगली आहेत, विभाग जुना आहे, बंद करू नये.’ त्याच्या म्हणण्यात कळकळ असते, पण पुरावा नसतो. आणि कळकळीला कार्यवृत्तात जागा नसते. ‘वाटून आलेला खर्च आणि वाचणारा खर्च ह्यांत गल्लत झाली आहे,’ हे एक वाक्य त्याला आकड्यांनिशी बोलता आले असते, तर निर्णय बदलण्याचा संभव होता. अर्थात दरवेळी आकडे माणसांच्याच बाजूने निघतील असे नाही. कधी विभाग खरोखरच तोट्यात असतो. तेव्हाही माणसांना आधी सूचना मिळावी, दुसरे काम शिकता यावे, देणे पुरते मिळावे ह्यासाठी भांडावयाचे, तर हिशेब समजलेला मनुष्यच ते नीट भांडू शकतो. व्यवस्थापनविद्येचा खरा उपयोग हा होय. ती मनुष्याला आपल्या जाणत्या मताच्या समर्थनासाठी भाषा देते. ते मत मात्र त्याने आधीच्या वीस वर्षांत मिळवलेले असावे लागते.

म्हणूनच ह्या वर्गात प्रौढ विद्यार्थ्याची बाजू तरुणापेक्षा बळकट असते. पुष्कळ व्यवसायशाळांत हार्वर्डच्या पद्धतीने प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे चर्चेला घेतात. संप, फसलेली विक्री, भागीदारांतील वितुष्ट ह्यांची हकीकत तेवीस वर्षांचा मुलगा वाचतो तेव्हा त्याला ती गोष्ट वाटते. पंचेचाळीस वर्षांच्या मनुष्याला त्यात आपल्या कारखान्यातील माणसांचे चेहरे दिसतात. कॅनडातील हेन्री मिन्ट्झबर्ग हे स्वतः मूळचे यांत्रिक इंजिनिअर, पुढे व्यवस्थापनशास्त्राचे नामांकित प्राध्यापक. ज्याने कधी कारभार केलेला नाही त्याला वर्गात बसवून कारभारी करता येत नाही, असे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हिरीरीने मांडले आहे. कारभार करीत असलेल्यांनाच त्यांच्या अनुभवाच्या आधारे शिकवावे, ह्या हेतूने १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह जो आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू केला, त्यात बंगळूरची भारतीय व्यवस्थापन संस्थाही सहभागी होती.

परंतु अनुभव हे जसे भांडवल आहे तसे ओझेही आहे. इंजिनिअरला एका प्रश्नाचे एक उत्तर असण्याची सवय असते. पूल भार सहन करील किंवा करणार नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात दोन परस्परविरुद्ध उत्तरांना सारखेच गुण मिळालेले पाहून त्याचा तोल जातो, आणि ‘हे शास्त्रच नव्हे’ असे म्हणून तो मनाचे दार लावून घेतो. दुसरे ओझे ममत्वाचे. जी प्रक्रिया स्वतः दहा वर्षे खपून उभी केली, ती आता परवडत नाही हे त्याला मान्य होत नाही. आजवर इतका पैसा घातला आहे, आता सोडायची कशी, असे तो म्हणतो. गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नसतो. निर्णय पुढच्या खर्चाचा आणि पुढच्या लाभाचा करावयाचा असतो. हे तत्त्व पुस्तकात दोन ओळींत संपते, गळी उतरण्यास मात्र कधी वर्षभर लागते. तिसरे ओझे मानाचे. ज्याच्यासमोर शंभर माणसे उभी राहतात, त्याला शेजारच्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीकडून सांख्यिकीचे उदाहरण समजावून घ्यावे लागते. ज्याला हे जमते त्याचे निम्मे शिक्षण तेथेच होते.

आता ह्या विद्येचे माप तिलाच लावून पाहणे उचित होईल. समजा, नोकरी सोडून वर्षभराचा अभ्यासक्रम करावयाचा आहे. शुल्क २५ लाख, आणि बुडालेला वर्षाचा पगार २० लाख. एकूण ४५ लाख. पदवीमुळे पुढे दरवर्षी ६ लाख अधिक मिळतील असे धरू, निवृत्तीचे वय साठ, आणि पैशाचा दर शेकडा १०. तिसाव्या वर्षी हा खर्च केला, तर पुढील तीस वर्षांच्या वाढीव प्राप्तीची आजची किंमत सुमारे साडेछप्पन्न लाख भरते. पंचेचाळिसाव्या वर्षी केला, तर पंधराच वर्षे हाती राहतात, आणि किंमत सुमारे साडेपंचेचाळीस लाखांवर येते. म्हणजे गाडे जेमतेम तरते. बावन्नाव्या वर्षी ती सुमारे ३२ लाख राहते, आणि व्यवहार उघड तोट्याचा होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपले मांडावे. परंतु त्यांचा रोख स्पष्ट आहे. वय वाढेल तसतसा नोकरी सोडून शिकण्याचा मार्ग महाग होत जातो, आणि नोकरी सांभाळून, संध्याकाळी अगर शनिवार-रविवारी, अथवा दूरशिक्षणाने शिकण्याचा मार्ग शहाणपणाचा ठरतो. तेथे बुडीत पगाराचा मोठा आकडा हिशेबातून गळून पडतो.

मात्र त्याची जागा दुसरा खर्च घेतो, जो कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेला नसतो. तो वेळेचा. शनिवार-रविवार वर्गात गेले आणि रात्री अभ्यासात गेल्या, म्हणजे त्या कोणाच्या तरी वाट्यातून गेल्या. ह्याच वयात मुलगा दहावी-बारावीला असतो, आणि आई-वडील थकलेले असतात. पतीने पदवी घ्यावयाची आणि दोन वर्षे घराचा भार पत्नीने एकटीने ओढावयाचा, असे पुष्कळ घरांत घडते. पत्नी इंजिनिअर असून शिकू लागली, तर तिचा भार कोणी उचलावा हा प्रश्न घरात निघतच नाही. ती रात्री स्वयंपाक आटोपून पुस्तक उघडते. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून ह्या दोन वर्षांची वाटणी केली पाहिजे. संमती गृहीत धरून घेतलेल्या पदव्या पुढे घरात फार दिवस बोलल्या जातात.

निवड करताना आणखी काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एम.बी.ए.साठी कोणत्या तरी विद्याशाखेची पदवी लागते. केवळ तंत्रनिकेतनाची पदविका असलेल्याला आधी पदवीची सोय पाहावी लागते. पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र ह्या तीन निराळ्या वस्तू आहेत. भारतीय व्यवस्थापन संस्था पूर्वी पदविकाच देत असत. २०१७च्या कायद्याने त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला. आज नामांकित संस्थांची नावे असलेली थोड्या महिन्यांची प्रमाणपत्रे सर्वत्र विकली जातात. त्यांतून शिकता येत नाही असे नव्हे. परंतु प्रमाणपत्राला पदवी समजून पैसे भरू नयेत. दूरशिक्षणाच्या बाबतीत त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे त्या वर्षापुरते पाहून घ्यावे. आपल्या मालकाला आधी विचारावे. काही कंपन्या शुल्काचा भार उचलतात, पण त्या मोबदल्यात ठराविक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार करून घेतात. आणि शक्य तर आपल्याच कंपनीतील अशी पदवी घेतलेल्या दोघा-तिघांना भेटून, पदवीपूर्वी ते कोणते काम करीत होते आणि आज कोणते करतात, एवढेच विचारावे. जाहिरातीपेक्षा ह्या उत्तरांतून अधिक कळते.

सर्वांत चांगली पूर्वपरीक्षा मात्र बिनखर्चाची आहे. आपल्या कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवावा आणि त्यातील ताळेबंद महिनाभर रोज अर्धा तास वाचावा. न कळलेला प्रत्येक शब्द वहीत लिहावा, आणि हिशेबखात्यातील एखाद्या सहकाऱ्याला विचारावा. ज्याला महिनाअखेर त्यात गोडी वाटू लागली आणि वहीत प्रश्न वाढत गेले, त्याने खुशाल प्रवेश घ्यावा. वयाचा विचार करू नये. ज्याला आठवड्यातच कंटाळा आला, त्याने हा मार्ग सोडून द्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. वरिष्ठाशी भांडण झाले, धाकटा पुढे गेला, नोकरीचा उबग आला, अशा कारणांवर पदवी हे औषध नव्हे. पदवी घेऊनही ही दुखणी तशीच राहतात, आणि वर कर्जाचा हप्ता सुरू होतो.

शिवाय प्रत्येक तंत्रज्ञाने व्यवस्थापक झालेच पाहिजे असे कोणी ठरवलेले नाही. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा मनुष्य ज्या कारखान्यात आहे, तो कारखाना भाग्यवान. अशा मनुष्याला वर चढविण्याच्या भरात त्याच्या कामापासून दूर नेणे हे कारखान्याचेही नुकसान आहे आणि त्याचेही. परंतु ज्याच्या निर्णयावर इतरांची घरे अवलंबून राहू लागली आहेत, त्याला हिशेबाची भाषा येत नाही हे सांगून सुटता येत नाही. ती भाषा त्याने विद्यापीठात शिकावी, संध्याकाळच्या वर्गात शिकावी, की हिशेबनिसाच्या शेजारी बसून शिकावी, हा सोयीचा प्रश्न आहे. शिकावी हे मात्र नक्की.